जुन्या १६१३ नं वर्षात तीन वॉटर पंप खाल्ले. नागपुरात चांगला पंप कुठं मिळेल?

वाडीवाला | १२ मे, रात्री १०:२०

राम राम मंडळी.

गाडी टाटा १६१३ ट्रक, २००३ चं मॉडेल, ६९७ टर्बो इंजिन. बाबांनी नवी घेतली होती, आता मीच पाहतो. भाडं बहुतेक कळमन्याहून जबलपूर, अधूनमधून छिंदवाडा. इंजिन अजून दणकट आहे, तेल खात नाही, धूर मारत नाही. दुखणं एकच, वॉटर पंप.

जुना पंप कित्येक वर्षं चालला, तो मागच्या जुलैत गेला. नागपुरातल्या घाट रोडवरच्या दुकानातून लोकल आणून टाकला, डिसेंबरात संपला. मग एका लेथवाल्याकडून जुन्याच बॉडीत नवं किट (बेरिंग, सील वगैरे) भरून घेतलं, ते मार्चपर्यंत. तिसरा एका दुकानदारानं "ओरिजिनल आहे, डोळे मिटून टाका" म्हणून दिला. मी खरंच डोळे मिटून टाकला. परवा सिल्लेवानीच्या घाटात भरदुपारी काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली, क्लीनरनं पंखा धरून हलवला तर बोटभर हलला. गाडीत संत्री होती, वर ४५ अंश ऊन. पुढचं सांगत नाही.

दर वेळी तऱ्हा एकच. आधी खरखर आवाज, मग पंख्याला खेळ, शेवटी पंपाखालच्या बारक्या भोकातून पाणी.

तर चांगला पंप घ्यायचा कुठून, ओळखायचा कसा, आणि वीस वर्षांच्या गाडीत महागाचा टाकण्यात अर्थ आहे का?

तर्री_मारके | १२ मे, रात्री १०:३१

बाप्पा बाप्पा! पंप हाय का पोहे? रोज नवी प्लेट?

कामठीरोड | १२ मे, रात्री १०:४८

भाऊ, सरळ सांगतो. टाटा जेन्युईन पार्ट्सच्या डिस्ट्रिब्युटरकडे जा, पक्कं बिल घे. डब्यावर होलोग्राम आणि एमआरपीचं लेबल असते, ते पाहून घे. लोकलपेक्षा दुपटीच्या वर पैसे लागतीन, पण चार मयने तं चार मयने डोक्याले ताप नाही. आणि ज्यानं तुले "ओरिजिनल" म्हणून देल्ला, त्याले बिल मागतलं होतं का? बिल म्हटल्यावर ज्याचं तोंड वाकडं होते, त्याचा माल वाकडाच समजाचा.

वाडीवाला | १२ मे, रात्री १०:५५

@कामठीरोड, कच्ची चिठ्ठी होती. फोनवर विचारलं तर म्हणे लावायच्या आधी सांगायला हवं होतं.

लेथ_आणि_लेकरं | १२ मे, रात्री ११:२०

माझं स्वतःचं लेथ आहे, म्हणून किटवाल्यांच्या बाजूनं दोन शब्द.

किट वाईट नसतं, घाई वाईट असते. बॉडीत बेरिंग बसतं ते भोक आधी मोजायला पाहिजे. दोन-तीनदा बेरिंग काढून-घालून ते सैल झालं असेल तर नवं बेरिंग आत फिरायला लागतं. सील जिथं बसतं तिथं गंजानं खड्डे पडले असतील तर सोन्याचं सील घाला, पाणी येणारच. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे हातोडा. शाफ्टला आधार न देता पुलीचा हब ठोकून बसवला की तो सगळा मार बेरिंगच्या गोळ्यांवर जातो, आत बारीक खळगे पडतात. पंप नवा दिसतो पण पहिल्या दिवसापासून आजारी असतो. हे काम प्रेसवरच करायचं. सीलच्या कार्बनच्या तोंडाला तेलकट बोटसुद्धा लावायचं नाही.

बसवल्यावर इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी पाकळ्यांची चकती, आणि बॉडीतली फट बघायची. फट जास्त राहिली तर पाणी ढकललंच जात नाही, नुसतं घुसळलं जातं. मग गळती काहीच नाही आणि तरी गाडी चढावर गरम. माणसं रेडिएटर बदलतात, हेड उघडतात, आणि दोष या एवढ्याशा फटीत असतो.

पुणेरी_प्रवासी | १३ मे, सकाळी ७:०५

मूळ प्रश्न थोडा बाजूला ठेवून विचारतो. तुम्ही रेडिएटरमध्ये घालता काय? साधं पाणी की कूलंट? निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. साधं पाणी १०० ला, तेही समुद्रसपाटीला. वर झाकणाचा दाब असतो, त्यामुळे दोन्हींचा उत्कलनबिंदू आणखी वर जातो. म्हणून झाकणाची स्प्रिंग आणि रबर तपासा, ती मेली असेल तर सगळा खेळ संपला.

तर्री_मारके | १३ मे, सकाळी ७:४०

पुण्यातले लोक पाणी किती अंशावर उकळते ते मोजतात. आमच्या इथं मे मयन्यात टाकीतून नळाले येतेच उकळून. (हलके घ्या)

पुणेरी_प्रवासी | १३ मे, सकाळी ७:५२

हलकेच घेतलं. पण नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तुमचं पाणी १०० च्याही एक अंश आधीच उकळतं. नोंद असावी.

वाडीवाला | १३ मे, सकाळी ८:१५

खरं सांगतो, कूलंट नाही. बोअरचं पाणी आणि घरचा विश्वास. बाबा आयुष्यभर हेच घालत आले.

उमरेडकर | १३ मे, सकाळी ९:३०

तिथंच मेख आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर येतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतो. वर कडक साल दिसते आणि सीलचं तोंड त्याच सालीवर घासत राहतं. आमच्या टिप्परवर आम्ही तयार कूलंट किंवा गाळलेलं बिनक्षाराचं पाणी आणि कूलंट मिसळून घालतो. रंग पाहून कूलंट घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीचा शौक असतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि दोन वेगळी एकत्र करू नका.

बे_काय_मजाक | १३ मे, सकाळी ११:०२

आमच्या ड्रायवरनं त्या खालच्या भोकात एमसील भरला होता. पाणी एकदम बंद! पंप पण पंधरा दिवसात बंद!

लेथ_आणि_लेकरं | १३ मे, सकाळी ११:१०

अरे देवा. ते भोक सील गेल्याची चिठ्ठी आहे. सील सुटलं की पाणी तिथून बाहेर पडावं, बेरिंगमध्ये शिरू नये म्हणून ठेवलेलं असतं. बुजवलं की पाणी सरळ बेरिंगमध्ये, ग्रीस धुऊन गेलं की खेळ खलास. नवीन पंप पहिल्या एक-दोन दिवसांत थेंबभर ओला दिसला तर घाबरायचं नाही, सील बसत असतं. रोज टपकत राहिला तर मात्र परत.

कमिन्सवाला | १३ मे, दुपारी १:२५

१६१३ च म्हणाल तर आमच्याकडं कमिन्स ६बीटी इंजिनवाली आहे. पंप दोन बोल्टवर, मागं चौकोनी कापाची रबरी रिंग, पॅकिंग कापायची भानगड नाही. पट्टा सैल करा, दोन बोल्ट काढा, नवा लावा. पंखा वेगळ्या हबवर असतो, त्यामुळे पंपावर पंख्याचं ओझं नाही. ६९७ मध्ये पंखा पंपाच्याच पुलीवर बसतो ना? मग तुमच्या पंपाला दोन बायकांचा दादला व्हावं लागतं, पाणीही ढकला आणि पंखाही सांभाळा.

वाडीवाला | १३ मे, दुपारी १:४०

हो, पंखा पंपावरच.

भाड्यानं_त्रस्त | १३ मे, दुपारी २:१०

मी तं म्हनतो थर्मोस्टॅट, तो पाणी तापल्यावर उघडनारा वॉल्व्ह, काढून टाक. नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कायले पाहिजे? माझ्या दोन्ही गाड्यांतून काढला, मस्त चालू आहेत.

कामठीरोड | १३ मे, दुपारी २:३५

@भाड्यानं_त्रस्त, असं नको सांगू भाऊ. काही इंजिनात थर्मोस्टॅट उघडतानाच बाजूची आडवाट बंद करतो. काढून टाकला की ती आडवाट उघडीच राहते, अर्धं पाणी रेडिएटर न पाहताच इंजिनात परत. मंग उन्हाळ्यात गरम, अन् थंडीत सकाळी इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त. घरी एका भांड्यात पाणी तापव, थर्मोस्टॅट दोऱ्यानं लटकव, ८० च्या आसपास उघडाले लागला का पाय. नाही उघडला तं नवा टाक. उघडला तं त्याचा गुन्हा नाही.

भाड्यानं_त्रस्त | १३ मे, दुपारी ३:००

बायको म्हणन, आता स्वयंपाकघरात टाटाचे पार्ट शिजवता काय!

एसटी_निवृत्त | १३ मे, रात्री ९:१५

मी राज्य परिवहनच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होतो. ६९७ ची इंजिनं उघडण्यात बरीच वर्षं गेली. हे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ३५२ च्या घराण्यातलं, ९७ मिलिमीटर बोर, सहा सिलिंडर, ५६७५ सीसी. नावातला ६ सिलिंडरांचा आणि ९७ बोरचा. पंप सोपा आहे, म्हणूनच लोक त्याला गृहीत धरतात.

इथं सगळ्यांनी पंप कुठला घ्यावा हे सांगितलं, ते योग्यच आहे. पण मूळ पोस्ट पुन्हा वाचा. गृहस्थ म्हणतात, आधी आवाज, मग खेळ, शेवटी पाणी. खराब पाण्यानं पंप मरतो तेव्हा बहुतेकदा क्रम उलटा असतो. आधी सील गळतं, ते पाणी बेरिंगचं ग्रीस धुतं, मग आवाज. तुमच्याकडं आधी बेरिंग मरतंय आणि मग डगमगत्या शाफ्टमुळे सील फाटतंय. तेही तीन वेगळ्या बनावटीच्या पंपांत. तिघंही निकृष्ट असू शकतात. पण मी असतो तर पंपाला बाहेरून कोण मारतंय ते आधी पाहिलं असतं.

मारेकरी दोन. एक म्हणजे पट्टा. क्लीनर लोक पट्टा वाजू नये म्हणून इतका ताणतात की गिटार व्हावी. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला तर बोटाच्या जाडीइतका, दहा ते पंधरा मिलिमीटर, खाली जायला हवा. दुसरा म्हणजे पंखा. तो कधी कापलाय, वाकलाय, कुणी सरळ केलाय का?

वाडीवाला | १३ मे, रात्री ९:५०

काका, तुम्ही विचारलं म्हणून आठवलं. मागच्या जून महिन्यात इंजिन ज्यावर टेकतं ते पुढचं रबर बसलं होतं. पंखा रेडिएटरच्या कव्हरला लागला आणि एका पाकळीचं टोक तुटलं. सिवनीत रस्त्यावरच्या वेल्डरकडून पत्र्याचा तुकडा जोडून घेतला होता. त्याच फेरीत परत आलो, नंतर काही त्रास वाटला नाही म्हणून विसरलोच.

आणि जुलैत पहिला पंप गेला!

बे_काय_मजाक | १३ मे, रात्री ९:५३

😳

तर्री_मारके | १३ मे, रात्री ९:५८

सापडला! तिकडं आपण अख्ख्या घाट रोडले शिव्या देऊन राह्यलो, अन् चोर पंख्यावर बसून हवा खाऊन राह्यला.

एसटी_निवृत्त | १३ मे, रात्री १०:२०

अजून फाशी देऊ नका, आधी तपासा. पंखा सोडा. मधल्या भोकात घट्ट बसेल अशी बुश घालून त्यातून गुळगुळीत सरळ रॉड घाला. दोन अँगल पातळीत ठेवून त्यांच्या धारेवर रॉडची टोकं टेकवा. पंखा हलकेच फिरवून सोडा. दर खेपेला वेगळी पाकळी खाली थांबली तर बरा. तीच तीच पाकळी खाली आली तर ती जड आहे.

जड थोडीशीच असते, पण तिचा झटका फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. इंजिन हजार फेऱ्यांवर असताना जेवढा झटका, दोन हजारांवर त्याच्या चौपट. घाटात खालच्या गिअरमध्ये तुम्ही तासभर तिथंच असता. बेरिंगला दर फेरीला एक चापट.

लेथ_आणि_लेकरं | १३ मे, रात्री १०:३८

काकांना साष्टांग. मी अकरा वाजता किटची वकिली करत बसलो होतो आणि पंख्याचं नावही माझ्या डोक्यात आलं नाही.

गृहिणी_कम_हिशोबनीस | १४ मे, सकाळी १०:०५

मी ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरची, वह्या माझ्याकडे असतात, म्हणून विचारते. तीन पंप, तीन मजुऱ्या, घाटातून ओढून आणायचा खर्च, नासलेली संत्री आणि उभ्या गाडीचे दिवस हे कुणी मोजलं का? आमच्या वहीत पंपाची किंमत नेहमी सगळ्यात लहान आकडा असते. "जुन्या गाडीत महागाचा पार्ट कशाला" हे वाक्य आमच्या यांचंही आहे.

कामठीरोड | १४ मे, सकाळी १०:४०

@गृहिणी_कम_हिशोबनीस, ताई, ही वही आमच्याही घरी पाठवा. नको, राहू द्या.

वाडीवाला | १६ मे, संध्याकाळी ७:३०

मंडळी, ताजी खबर.

काकांनी सांगितलं तसं केलं. अँगल लेथवाल्या मित्राकडे होते, पातळी गवंड्याची आणली. पंखा फिरवून सोडला. वेल्ड केलेली पाकळी हळूहळू खाली आली, थोडी पलीकडे गेली, झुलली आणि बरोबर तळाला येऊन थांबली. पुन्हा फिरवला, पुन्हा तीच. सहा वेळा केलं, सहाही वेळा तीच. वेल्डरनं तुकडा तर जोडलाच होता, वर मणी-मणी करून अंगठ्याएवढी जाड शिवण मारली होती. क्लीनर पोट्टा म्हणे, "मालक, हिच्यावर लिंबू-मिरची बांधू का?"

पंखा भंगारात. दुसरा आणला, तोही अँगलवर फिरवून पाहिला, थांबतो कुठंही. इंजिनाची पुढची दोन्ही रबरं नवी टाकली, नाहीतर नवा पंखाही कव्हरला लागणार. पट्टा पाहिला तर तोही अति ताणलेला होता, म्हणजे मारेकरी दोघंही निघाले.

आता मूळ प्रश्न. पंप कंपनीचाच घेतला, पक्क्या बिलासह. जुना सोबत नेला होता. बोल्टाची भोकं, हबची उंची, पाकळ्यांची दिशा शेजारी ठेवून जुळवली. आधी लावलेला 'ओरिजिनल' त्याच्याशेजारी ठेवल्यावर कळलं, त्याच्या इंपेलरच्या पाकळ्या चक्क ठेंगण्या होत्या! म्हणजे तोही निर्दोष नव्हता.

एसटी_निवृत्त | १६ मे, रात्री ८:४५

उत्तम. बसवताना जुन्या पॅकिंगचा चुरा नीट खरवडा, पण पटाशीनं तोंडावर ओरखडे पाडू नका. पेस्ट अगदी पातळ लावा. लोक पेस्ट लोण्यासारखी थापतात, ती आत निघून रेडिएटरच्या नळ्यांत अडकते. लांब आणि आखूड बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात, एकदम एक न आवळता समोरासमोर थोडे थोडे. पाणी भरायच्या आधी इंजिन मारून बघू नका, कोरडं सील क्षणात जळतं. पाणी हळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन तापेपर्यंत चालवा, हवा निघून पातळी उतरेल तशी भरत जा. या वेळी बोअरचं नको!

वाडीवाला | १६ मे, रात्री ९:००

बोअर बंद. बाबांना सांगितलं नाही अजून.

भाड्यानं_त्रस्त | १७ मे, दुपारी १२:१५

मी काल थर्मोस्टॅट पाण्यात तापवून पायला. उघडला. वापस बसवून राह्यलो. कोणाले सांगू नका.

वाडीवाला | ८ जून, सकाळी ९:२०

तीन फेऱ्या जबलपूर, एक छिंदवाडा. सिल्लेवानीच्या घाटात काटा मध्यावरून हलला नाही. पंखा हलवून पाहिला, शून्य खेळ, भोक कोरडं ठणठणीत. काका, नागपुरात याल तेव्हा सावजी माझ्याकडून.

चारशेसात_चालक | ८ जून, सकाळी ९:४४

धागा आवडला. माझ्या ४०७ ला पण गरम व्हायचा त्रास आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. पंप बदलू का?

कामठीरोड | ८ जून, सकाळी ९:५०

बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट पहा आधी. आणि नवा धागा काढा भाऊ, इथं आता जेवणाची तयारी चालू आहे.

एसटी_निवृत्त | ८ जून, सकाळी १०:३०

@वाडीवाला, मी तिखट कमी खातो, तरी येईन. एक राहिलं. पहिल्या फेरीनंतर पंख्याचे चारही बोल्ट आणि पट्टा पुन्हा पाहिला होता का? पट्टा सुरुवातीला थोडा सैल होतो.

वाडीवाला | ८ जून, सकाळी १०:३४

नाही. पाना घेऊन निघालो.